धारा बांधणारा हबशी

महाळुंगे पडवळ हे माझे गाव. आंबेगाव तालुक्यातले. परगावी गावाचे नाव सांगितले की जाणता माणूस लगेच म्हणतो, "म्हणजे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव." १९०८ साली आमच्या गावातल्या सैद घराण्यात जन्मलेला हा पोरगा पोटासाठी मुंबईला गेला, गिरणीत लागला, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. ट्रक अंगावरून गेला तेव्हा तो अवघा बाविशीचा होता. आज डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचे नाव आहे, मुंबईत रस्त्याला आहे, आणि आमच्याकडच्या पोरांना ती तारीख पाठ असते. सरदार घराण्यातला नव्हे, पदवीधर नव्हे, गरीब शेतकऱ्याच्या घरातला गिरणीकामगार. त्याला आम्ही विसरलो नाही याचा मला अभिमान आहे.

म्हणूनच एक रुखरुख मला कित्येक वर्षे लागून राहिली आहे. आमच्या शेजारी, जुन्नरला, चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने राज्य चालवले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला मुलगा. त्याने बुडालेले निजामशाहीचे राज्य उभे केले, मराठा सरदारांना हाताशी धरून दिल्लीच्या फौजा अडवल्या, आणि शेतकऱ्याने सरकारात काय भरायचे याची रीत घालून दिली. त्याचे नाव मलिक अंबर. आमच्या मुलखाच्या थोर माणसांची यादी कुणी सांगू लागला की त्यात हे नाव क्वचितच येते. त्याचा मान त्याला मिळावा म्हणून हे लिहितो आहे.

मी महसूल खात्यात तलाठी होतो. सातबारा, फेरफार, पीकपाहणी यांत आयुष्य गेले. त्यामुळे मलिक अंबरची खरी ओळख मला लढायांमधून झालीच नाही, जमाबंदीतून झाली. शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत येऊन गेला होता. नोकरीत मात्र जुन्या धाऱ्याचा विषय निघाला की जाणती माणसे 'मलिकंबरी' हा शब्द सहज वापरत. एखाद्या कारभाऱ्याचे नाव जमाबंदीच्या पद्धतीला चिकटते आणि शतकानुशतके टिकते, ही लहान गोष्ट नव्हे. दौलती बुडतात, किल्ले पडतात, पण शेतकऱ्याच्या तोंडी जो धारा बसतो तो राहतो.

ही मलिकंबरी काय होती ते नीट सांगतो, कारण त्याच्या चरित्रात हा भाग नेहमी चार शब्दांत उरकला जातो. त्याच्या आधी पुष्कळ ठिकाणी इजाऱ्याची चाल होती. परगण्याचा वसूल कुणीतरी मक्त्याने घ्यायचा, सरकारला ठरीव रक्कम मोजायची आणि मग रयतेकडून निघेल तेवढे काढायचे. मक्तेदाराला पुढल्या वर्षाची फिकीर नसे. शेतकरी गाव सोडून गेला तरी याचे यंदाचे पैसे निघालेले असत. मलिक अंबरने हा इजारा बंद केला. जमिनी मगदुरानुसार लावल्या. चांगली कोणती, हलकी कोणती, पाणी कुठे आहे, कुठे नाही, हे पाहून धारा ठरू लागला. आधी धान्यात, पिकाच्या पाच वाट्यांपैकी साधारण दोन वाटे. मग काही हंगामांचा अनुभव घेऊन त्याची रोख रक्कम, ती सुमारे एकतृतीयांश उत्पन्नाइतकी. जमीन साखळीने मोजलेली नव्हती. डोळ्यांनी पाहून, गावच्या माणसांची साक्ष घेऊन अंदाज बांधला जाई. पण पिकाप्रमाणे धारा वरखाली होई, हे त्यातले मर्म होते. पाटील-कुळकर्ण्यांची वतने त्याने कायम केली आणि गावच्या वसुलाची जबाबदारी गावावरच ठेवली. मिरासदाराचा जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क मानला.

यात काय शहाणपण होते ते कळायला दुष्काळी वर्षात शिवारात उभे राहावे लागते. पैसेवारी लावायला बांधावर गेलेल्या तलाठ्याकडे शेतकरी कसा बघतो ते मी पाहिले आहे. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर त्याची सवलत ठरे. पीक बुडाले तर मागणीही कमी झाली पाहिजे, हे तत्त्व आज आपल्याला सरळ वाटते. पण इंग्रजी अमलाला ते कळायला फार उशीर लागला. १८२८ ते १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात मोठ्या हुशारीने पाहणी केली, निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त सारा कागदावर बसवला, आणि इंदापूरकडची रयत जमिनी टाकून निघून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ पासून तिथेच नव्याने धारा बांधला, तेव्हा कुठे नांगर परत चालू लागले. त्यांच्या सव्वादोनशे वर्षे आधी एका हबशी वजिराला रयत टिकली तर राज्य टिकते हे उमगले होते.

त्याच्या नंतरही त्याची रीत मेली नाही. निजामशाही संपली, पुणे परगणा लढायांनी आणि १६३० च्या दुष्काळाने उजाड झाला. शहाजीराजांच्या जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी पुन्हा वस्ती बसवली ती मलिकंबरी धाऱ्याचा आधार घेऊनच. पेशवाईतही जुन्या आकारणीला मलिक अंबरचा तनखा म्हणत आणि नव्या आकारणीला कमाल. शिवशाहीच्या जमाबंदीविषयी आपण अभिमानाने बोलतो, ते योग्यच आहे. तिच्या पायातला एक चिरा या माणसाच्या हाताने बसवलेला आहे, एवढेच मला त्यात जोडायचे आहे.

आता तो माणूस कोण होता ते पाहू.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात त्याचा जन्म झाला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात विकला गेला, पुढे बगदादला. तिथल्या मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला मुसलमान केले, शिकवले आणि अंबर हे नाव दिले. १५७० नंतरच्या काही वर्षांत तो दख्खनेत आला. त्याला विकत घेणारा चंगीजखान हा निजामशाहीचा पेशवा, आणि तोही मूळचा हबशीच. त्याच्या पदरी हजारभर हबशी होते म्हणतात. बहामनी काळापासून दख्खनच्या फौजेत हबशांची भरती होत आली होती. चौलसारख्या बंदरांत अरबी घोडे उतरत, त्याच जहाजांतून माणसेही उतरत.

इथे क्षणभर थांबले पाहिजे. दख्खनेतला हबशी गुलाम पुढे सरदार होऊ शकत असे, म्हणून ही गुलामी सौम्य होती असे कुणी म्हणू नये. पोर आईपासून तोडले जाई, त्याचे नाव, धर्म, भाषा सगळे बदलले जाई. अंबरच्या बरोबर विकली गेलेली किती पोरे वाटेतच मेली असतील, त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. एक चापू मलिक अंबर झाला.

चंगीजखान गेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. तो काही काळ विजापूरला चाकरीस होता, तिथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. १५९५ च्या सुमारास तो दीडशेएक स्वार घेऊन अहमदनगरला परतला. ती निजामशाहीची शेवटची घरघर होती. चांदबिबी किल्ला लढवत होती, अकबराची फौज दारात होती. १६०० साली चांदबिबी मारली गेली आणि नगरचा किल्ला पडला. मोगलांच्या हिशेबी निजामशाही संपली.

मलिक अंबरने ती संपू दिली नाही. निजामशाही वंशातला एक मुलगा शोधून त्याला परांड्याला गादीवर बसवले, मुर्तजा निजामशाह म्हणून, आणि आपली मुलगी त्याला दिली. त्या वेळी त्याच्याजवळ ना राजधानी होती, ना खजिना. राजू दखनी हा दुसरा सरदार बरोबरीने राज्यावर हक्क सांगत होता. त्याला हटवायला काही वर्षे गेली. मग १६०७ च्या सुमारास त्याने राजधानी जुन्नरला आणली.

जुन्नर निवडण्यात मोठा अर्थ होता. १४९० साली मलिक अहमदने निजामशाही उभी केली तीच मुळी जुन्नरला. नगर शहर वसले ते नंतर. म्हणजे अंबरने राज्य त्याच्या जन्मगावी आणले. शिवाय जुन्नरभोवती काय आहे ते आम्हा या भागातल्या माणसांना सांगायला नको. डोक्यावर शिवनेरी, पश्चिमेला जीवधन, चावंड, हडसर, आणि त्यांच्यामधून कोकणात उतरणारा नाणेघाट. सातवाहनांच्या काळापासून त्या घाटाने माल चढला-उतरला आहे. मोगलांच्या जड तोफा आणि हत्ती बऱ्हाणपूरहून सपाटीने येत, इकडे डोंगरात येताच अडखळत. कुकडी आणि मीना नद्यांच्या खोऱ्यात दाणावैरण मुबलक. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ साली चौलला उतरून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथे राहिला. एवढ्या लांबचा माणूस ज्या पेठेत येतो ती पेठ लहान नसते. इथला हाताने केलेला जुन्नरी कागद पुढे पेशव्यांच्या दप्तरापर्यंत गेला. पुढे राजधानी झालेल्या दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद तसाच नावाजलेला. अंबरच्या दोन्ही राजधान्यांच्या आसऱ्याला कागद बनत होता, ही गोष्ट माझ्यासारख्या दप्तर सांभाळलेल्या माणसाला फार आवडते.

मराठी आणि फारसी, दोन्ही भाषांतली त्याच्या काळातली सरकारी पत्रे उपलब्ध आहेत. तो ज्या मुलखावर राज्य करत होता त्याची बोली त्याच्या दप्तरात होती, हे विसरू नये.

विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुमारास लिहितो की अंबरजवळ स्वतःच्या जातीचे दहा हजार आणि दखनी चाळीस हजार लोक आहेत. या चाळीस हजारांत मराठे फार मोठ्या संख्येने होते. मालोजीराजे भोसल्यांना पुणे-सुपे परगण्यांची जहागीर होती ती याच निजामशाहीतली. लखुजी जाधवराव, शहाजीराजे, शरीफजी, मालोजींचे बंधू विठोजी यांचे मुलगे, ही सगळी नावे त्याच्या फौजेच्या इतिहासात येतात. अंबरने हलक्या घोडदळाला जसे वापरले तसे आधी दख्खनेत कुणी इतक्या नेटाने वापरले नव्हते. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, शत्रू दमला की मग घाव घालायचा. मोगल या स्वारांना 'बर्गी' म्हणत आणि त्यांच्या नावाने वैतागत. गनिमी कावा एकट्या अंबरने शोधला असे मी म्हणत नाही. डोंगरातल्या माणसाला तो उपजत कळतो. पण त्याला राज्याच्या युद्धनीतीची शिस्त दिली ती त्याने, आणि शहाजीराजे त्याच शिस्तीत वाढले.

भातवडीची लढाई त्याचा कळस. १६२४ साल. एका बाजूला मोगल आणि विजापूरकर एकत्र, दुसऱ्या बाजूला पंचाहत्तरी गाठलेला अंबर. नगरजवळच्या भातवडीच्या तलावाचा बांध त्याने फोडला, शत्रूच्या छावणीत चिखल करून टाकला, रसद बंद केली आणि रोज रात्री छापे घातले. शत्रूची माणसे आपण होऊन त्याला येऊन मिळू लागली. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद मारला गेला, मोगल सरदार कैद झाले. शहाजीराजे या लढाईत नावारूपाला आले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी कामी आले. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात या लढाईचे वर्णन आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या चरित्राची सुरुवात सांगताना त्यांच्या दरबारच्या कवीला हे रणांगण टाळता आले नाही.

जहांगीर बादशहाचा त्याच्यावरचा राग सर्वश्रुत आहे. आत्मचरित्रात तो अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या दिल्याशिवाय करत नाही. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढून घेतले: बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडके जहांगीरच्या हाती कधीच आले नाही. अंबर १६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात, आपल्या मुलखात वारला आणि खुलताबादला दफन झाला. पुढे जहांगीरच्याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान याने लिहून ठेवले की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात या माणसाला तोड नव्हती. शत्रूच्या दरबारातून मिळालेल्या अशा दाखल्यापुढे मी काय भर घालणार!

त्याला निर्दोष ठरवायची मला गरज वाटत नाही. सत्तेसाठी त्याने रक्त सांडले. पीटर व्हान डेन ब्रुक हा डच व्यापारी १६१७ मध्ये त्याला भेटला होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी की मुर्तजा निजामशाहाच्या गोऱ्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. ते अंबरच्या कानावर गेले आणि थोड्याच दिवसांत शाह आणि बेगम दोघे विषाने मेले. ही १६१० ची गोष्ट. त्यानंतर गादीवर दुसरा मुलगा बसला आणि राजधानी दौलताबादला गेली. हे क्रौर्यच. पण राज्याचा कर्ता झालेल्या माणसाच्या लेकीलाही रंगावरून आणि जन्मावरून काय ऐकावे लागत होते, हेही त्यातून दिसते. जातीचा काच ज्यांनी सोसला आहे अशा आपल्या समाजाला ती वेदना समजायला अवघड नाही.

दौलताबादजवळ खडकी नावाचे खेडे होते. १६१० मध्ये त्याने तिथे शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी नव्हते. त्याने उत्तरेकडच्या डोंगरातले झरे जमिनीखालच्या नळांतून, फक्त उताराच्या जोरावर, शहरात आणले. १६१७ च्या सुमाराचे हे काम. ही नहर-ए-अंबरी पुढे तीन शतकांहून अधिक काळ शहराला पाणी पाजत राहिली. पाण्याचा इतका बारीक हिशेब करणारा हाच माणूस भातवडीला बांध फोडतो, तेव्हा त्याला पाणी कुठे जाईल ते आधीच ठाऊक असते.

त्याच्या मुलाला, फत्तेखानाला, बापाचे राज्य सांभाळता आले नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेले. आणि तेव्हा शहाजीराजांनी काय केले? जीवधनावर ठेवलेला निजामशाही वंशातला लहान मुलगा बाहेर काढला, संगमनेरजवळ पेमगिरीला गादीवर बसवला आणि त्याच्या नावाने तीन वर्षे स्वतः राज्य चालवले. अंबरने १६०० साली परांड्याला जे केले तेच पाऊल शहाजीराजांनी आमच्या जुन्नरच्या डोंगरातून उचलले. १६३६ च्या माहुलीच्या तहाने तो डाव मोडला. पण त्याआधीच, १६३० मध्ये, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला होता. तो किल्ला तोवर निजामशाहीत राहिला होता, आणि ती निजामशाही पंचवीस वर्षे जिवंत ठेवली होती या हबशाने.

आपल्याकडे हबशी किंवा सिद्दी म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याचा सिद्दी. शत्रू म्हणून. त्याच पन्हाळ्याच्या वेढ्यात १६६० साली महाराजांना सोडवायला नेताजी पालकरांबरोबर जो सरदार चालून गेला तो सिद्दी हिलाल होता, आणि त्याचा तरणा मुलगा वाहवाह त्या झुंजीत जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. अफजलखानाच्या भेटीला महाराज गेले तेव्हा निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. आरमारात सिद्दी मिस्री होता. शिवा काशीद, बाजीप्रभू यांची नावे पोरांना पाठ आहेत आणि असलीच पाहिजेत. सिद्दी हिलालच्या पोराचेही नाव त्याच धड्यात यायला हवे.

अशी विसरलेली नावे परत कशी आणली जातात ते पाहायला एक नजर दूरच्या देशाकडे टाकतो. ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून जवळजवळ पन्नास लाख माणसे उसाच्या मळ्यांवर आणि खाणींत राबायला नेली. गुलामी तिथे १३ मे १८८८ ला संपली. पळून गेलेल्या गुलामांनी डोंगरात पाल्मारेस नावाचे आपले राज्य उभारले होते. त्याचा शेवटचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ ला मारला गेला, इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते त्या काळात. २०२४ पासून ब्राझीलभर तो दिवस राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी आपल्या काळ्या थोर माणसांची नावे घेतली जातात. बापानेच दहाव्या वर्षी विकलेला लुईस गामा स्वतः कायदा शिकला आणि त्याने कोर्टात लढून पाचशेहून अधिक गुलाम सोडवले. मशादो द असिस देशाचा सर्वश्रेष्ठ कादंबरीकार झाला. आंद्रे रेबोसास या इंजिनिअराने रिओ शहराची पाणीटंचाई दूर केली. त्याचे वाचले की मला खडकीची नहर आठवते. कारोलिना मारिया दे जेझुस ही साओ पावलोच्या झोपडपट्टीत रद्दी वेचणारी बाई, तिची रोजनिशी १९६० मध्ये छापली गेली आणि जगभर वाचली गेली. आपल्या दलित आत्मकथनांच्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. हे सगळे त्या देशाला आपोआप आठवले नाही. काळ्या समाजातल्या कार्यकर्त्यांनी कित्येक दशके झगडून तो दिवस मिळवला.

याच पोर्तुगीजांनी मोझांबिकमधून गोव्यातही गुलाम आणले. गोव्यातून पळालेल्यांचे सिद्दी वंशज उत्तर कन्नडच्या जंगलात, यल्लापूर-हल्याळकडे राहतात. कोकणी बोलतात, काहींना मराठीही येते. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेत गेले. गुजरातच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये सिद्दी स्त्रियांसाठी केलेल्या कामाबद्दल पद्मश्री मिळाली. ही माणसे इथलीच आहेत. तरीही रस्त्यात त्यांना कुणी ना कुणी विचारतेच, तुम्ही कोणत्या देशाचे? मलिक अंबर आपल्या इतिहासात आपला म्हणून आला असता तर हा प्रश्न निदान महाराष्ट्रात तरी कुणी विचारला नसता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जुन्नर शहराच्या पूर्वेला हापूसबाग आहे. तिथे जुना महाल आहे, नक्षीदार भिंतींचा भव्य घुमट आहे, आणि लोक त्यांना हबशी महाल, हबशी घुमट, सौदागर घुमट अशा नावांनी ओळखतात. घुमटाच्या भिंतींवरचे कोरीव काम पाहिले की ज्या शहरात हे घडले ते शहर कसे असेल याची कल्पना येते. शिवनेरीवर दरवर्षी लाखो माणसे येतात. त्यांतले फारच थोडे या बाजूला वळतात.

माझे मागणे मोठे नाही. २०२६ च्या मे महिन्यात मलिक अंबरच्या मृत्यूला चारशे वर्षे होतात. जुन्नर-आंबेगावच्या शाळांनी निदान त्या निमित्ताने मुलांना हापूसबागेत न्यावे, आणि शिवनेरीवर माहिती सांगणाऱ्यांनी निजामशाहीचे नाव घेताना तिच्या वजिराचेही घ्यावे. गावोगावच्या महसुली दप्तरांत आणि जुन्या घराण्यांच्या पेट्यांत निजामशाही काळातले कागद असतील तर ते वाळवीच्या तोंडी जाऊ न देता भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवावेत. आणि शिवनेरीला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: गड उतरल्यावर थेट नारायणगावची गाडी धरू नका, एक तास हापूसबागेसाठी ठेवा.